इस्त्री न केलेली रेघ

सुहास,

परवा संध्याकाळपर्यंत मला आपल्या पाटी ॲपची नवी आवृत्ती सोडायची आहे आणि इस्त्रीचं काय करायचं ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

"ऑपरेशन होऊ दे, मग बसून ठरवू," म्हणालास आणि गेलास तो गेलासच. भांडण अर्धवट टाकून जायची खोड तुला पहिल्यापासून आहे. लोअर परळच्या आपल्या गाळ्यात आपण तावातावाने बोलत असायचो, मी जिंकायच्या बेतात आले की तू "चहा सांगून येतो" म्हणत खाली उतरायचास. परत यायचास तेव्हा तुझा मुद्दा तयार असायचा आणि माझा थंड झालेला असायचा. अजूनही मी जिन्याकडे पाठ करून बसत नाही. तुझ्या चपला वाजतील आणि मला कळणार नाही, असं काहीतरी डोक्यात आहे. वेडेपणा आहे हे मला समजतं. तरी खुर्ची फिरवलेली नाही.

तुझा फोन समोर टेबलावर आहे. तुझ्या आईने, काकूंनी, तो नवी पाटी घालायला म्हणून तुझ्या चष्म्याच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. एरवी तो त्यांच्यापाशीच असतो, रोज दुपारी त्या पाटी उघडून तुझी चित्रं बघतात. बोट फिरवून एकेक पुढे ढकलतात आणि शेवटच्यापाशी थांबतात. त्या शेवटच्या चित्राचंच सगळं दुखणं आहे. फोनची नवी सिस्टिम आली की जुनी पाटी उघडणारच नाही, त्यामुळे नवी सोडणं भाग आहे. आणि नवीत इस्त्री आहे. मी जसं ठरवीन तशी काकूंना तुझी रेघ दिसेल. तुझी थरथरती रेघ राहील, नाहीतर मशीनने सरळ केलेली. म्हणून मला भीती वाटते आहे, आणि तुझा रागही येतो आहे.

पाटी तुला मी काय सांगणार. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढे सरकताच येत नाही, तेव्हा ऐक गुपचूप.

फोनवर बोटाने चित्र काढायचं, एवढंच तर करायचं होतं आपल्याला. मी गिरगावची, फणसवाडीतली, कोड लिहिणारी. तू लालबागचा, दिवसा कंपनीत डिझायनर आणि गणपतीच्या आधीचे काही महिने मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा. "तळहाताएवढ्या पडद्यावर चित्र काढायचं तर सगळ्यात मोठा शत्रू कोण?" असं तू मला पहिल्याच भेटीत विचारलंस. मी म्हटलं बॅटरी. तू म्हणालास, बोट. बोट टेकतं तिथेच तर बघायचं असतं, आणि नेमकं तेच बोटाखाली झाकलं जातं. आंधळ्याने अक्षर गिरवल्यासारखं होतं सगळं.

मला पटेना, म्हणून तू मला कारखान्यात नेलंस. पालथ्या बादलीवर बसवलंस आणि तोंड बंद ठेवायला सांगितलंस. तू ब्रश हातात घेतलास तेव्हा कुणीतरी रेडिओ बंद केला. मग एकाने उठून टेबलफॅन बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. आखणीच्या वेळी पंखा बंद करायचा ही तिथली रीत, वाऱ्याने ब्रशचा केसही हलता कामा नये म्हणून. घामाने आम्ही सगळे निथळत होतो आणि तू एका दमात पापणीची वरची रेघ ओढलीस. ब्रश तू पार मागे धरला होतास, टोकापासून लांब, त्यामुळे टोक तुला सबंध वेळ दिसत होतं. रेघ संपल्यावर तू श्वास सोडलास, मग बाकीच्यांनी सोडला. मी कोड लिहिणारी बाई, रेघ म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर इतकंच मला ठाऊक. रेघ बघायला मला तू शिकवलंस. हे मी कधी तोंडावर कबूल केलं नाही, कारण तू चढून बसला असतास.

त्या ब्रशवरून आपला लांब ब्रश निघाला. बोट खाली, रेघ बोटाच्या थोडी वर. टोक कायम दिसणार. आपण इतके खूश झालो की जेमतेम स्वतःच्या बोटांनी तपासून पाटी लोकांना देऊनही टाकली. मग चित्रं यायला लागली. एका शाळेतल्या मुलांनी आपापली आई काढून पाठवली होती आणि त्यातल्या एकाही आईला पाय नव्हते. होड्यांना पाणी नव्हतं. गणपतीला उंदीर नव्हता. तू म्हणालास, पोरं आळशी आहेत, पाय काढायचा कंटाळा करतात. त्यावर तू मला मुलांच्या चित्रकलेबद्दल एक व्याख्यानही दिलंस, आठवतंय? शेवटी काकूंनी पाटीवर उंबऱ्यावरची रांगोळी काढायला घेतली आणि खालची ओळ काढताना त्यांचं बोट फोनवरून घसरून लुगड्यावर गेलं. रेघ बोटाच्या वर उमटते म्हटल्यावर पडद्याच्या तळाला रेघ पोचवायची तर बोट फोनच्या बाहेर ठेवावं लागणार, हे आपल्या दोघांच्याही टाळक्यात आलं नव्हतं. तू रंगवणारा, मी हिशेबी, आणि आख्ख्या मुंबईतल्या आयांचे पाय आपण कापून टाकले होते. मी हसून हसून जमिनीवर बसले. तू मात्र गंभीर चेहऱ्याने व्याख्यान मागे घेतलंस.

मग बोट तळाशी आलं की कागदच थोडा वर सरकेल, अशी सोय मी केली. पाय परत आले.

दुसरं भांडण मागे नेणाऱ्या बटणाचं. चुकलं तर मागे जाता आलं पाहिजे, हे मला इतकं उघड वाटत होतं की यावर वाद होऊ शकतो हेच मला कळेना. तू म्हणालास, मूर्तीवर मागे जायचं बटण असतं का? माणसाला मागे जाता येतं हे कळलं की तो पुढे नीट बघत नाही. मी म्हटलं, तुझ्या मूर्तीला हात लावायच्या आधी तू किती वर्षं पाटावर गिरवलंस, ते लोककल्याण करायला निघालेल्या तुला आठवत नाही का. महिनाभर आपण त्या बटणावरून एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी तू नमतं घेतलंस, पण एकच पाऊल मागे जाता येईल या अटीवर. तेही बटण तू पडद्याच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवलंस, जिथे अंगठा सहज पोचत नाही. मी ते हळूच थोडं आत सरकवलं. तू हळूच परत बाहेर नेलंस. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं, इस्त्रीचं.

हाताने काढलेली रेघ थोडी वेडीवाकडी येते, आणि बोटाने काढलेली तर येतेच. ती मशीनने सरळ करता येते. चुरगळलेल्या शर्टावरून इस्त्री फिरवावी तशी. नावही तूच दिलंस, हिणवण्यासाठी. मला ती हवी होती. बाकीच्या सगळ्या ॲपमध्ये आहे, लोकांना स्वतःची रेघ सुंदर दिसली की ते पुन्हा येतात, असं माझं म्हणणं. तू ऐकूनच घेईनास. रेघ सरळ केली की ती त्या माणसाची राहत नाही, मशीनची होते, आणि आपण त्याला न सांगता त्याचं चित्र बदलून देतो, ही फसवणूक आहे, असं तू म्हणायचास. गाळ्यातल्या फळ्यावर तू खडूने लिहूनही ठेवलंस, 'इथे इस्त्री मिळणार नाही.' खालच्या मजल्यावरचे शिलाईवाले एकदा ते वाचून बुचकळ्यात पडले होते.

तू मला हरवलंस. खरंच हरवलंस. हळूहळू मला तुझं पटलं, आणि लोकांच्या वेड्यावाकड्या रेघा मला आवडायला लागल्या.

आता ते सांगते, जे लिहायचं मी टाळते आहे.

होळी होऊन गेली होती. तू गाळ्यात आलास आणि बॅग ठेवायच्या आधीच म्हणालास, "वैजू, तुझा नवा बिल्ड गंडलाय. रेघ थरथरतेय." मी कोड उघडून बसले. कुठे काही सापडेना. तू म्हणालास चार्जरमुळे असेल, स्वस्तातला चार्जर लावला की पडदा असा वेड्यासारखं करतो. चार्जर बदलला. स्क्रीनगार्ड ओरबाडून काढला. फोन बदलला. तरी तेच. दोन दिवस मी मागचे सगळे बदल एकेक करून उलटे फिरवले आणि तू माझ्या डोक्यावर उभा राहून मला टोमणे मारलेस. तुला वाटलं मी गुपचूप इस्त्री घालायचा प्रयत्न केला आणि त्यात काहीतरी बिघडवलं. मी चिडले. फोन तुझ्या हातातून हिसकावून घेतला आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली.

साधी, सरळ रेघ आली.

फोन तुझ्या हातात दिला. तू माझ्या रेघेखाली तुझी रेघ ओढलीस. ती थरथरली. तू आणखी एक ओढलीस, सावकाश, श्वास रोखून, कारखान्यात ओढायचास तशी. ती जास्त थरथरली. खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा टीं टीं आवाज येत राहिला. आपण दोघंही पडद्याकडे बघत होतो. एकमेकांकडे बघायची माझी छाती झाली नाही, तुझीही झाली नसावी.

"म्हणजे बग माझ्यात आहे," तू म्हणालास.

डॉक्टरांनी डोक्यातली गाठ सांगितली ती नंतर. सगळ्यांच्या आधी पाटीने सांगितलं होतं, आणि आपण पाटीलाच शिव्या घालत होतो. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती का रे? दुसऱ्या माणसाचा हात थरथरला असता तर तो डॉक्टरकडे गेला असता. तू माझ्याकडे तक्रार घेऊन आलास.

मग कारखान्यात तूच जाऊन सांगितलंस की यंदा मी आखणीला नाही. कारण सांगितलं नाहीस. त्यांना वाटलं कंपनीतून सुट्टी मिळाली नसेल. तिथून तू थेट दादरला जाऊन फूलबाजारात उगाच हिंडत राहिलास, मला फोन करून झेंडूचा भाव विचारत बसलास. मला कळलं होतं. मीही झेंडूवरच बोलत राहिले.

आणि मग तू पलटी मारलीस.

एका दुपारी फळ्याशी उभं राहून तू ते वाक्य हाताने पुसलंस. 'इथे इस्त्री' एवढंच राहिलं. म्हणालास, "इस्त्री टाक, वैजू."

मी नाही म्हटलं. माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं माझ्याशी भांडलास, मला पटवलंस, लोकांना आपण सांगत आलो की पाटी तुमची रेघ बदलत नाही, आणि आता तुला सुचलं? मी तुझीच सगळी वाक्यं तुझ्यावर फेकली. फसवणूक, मशीनची रेघ, सगळं. तू उभा राहून ऐकलंस. चहा सांगायला खाली गेला नाहीस, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"तत्त्व धडधाकट हाताला परवडतं," तू शांतपणे म्हणालास. "मला आता चित्र काढायचंय."

मला तत्त्वाचं काही पडलेलं नव्हतं, सुहास. इस्त्री घातली म्हणजे तू आजारी आहेस हे मी मान्य केलं असं झालं असतं. मी नाही म्हणत राहिले तर तू बरा होशील, इतका साधा, खुळा हिशेब होता माझा. हिशेबी बाई म्हणवते स्वतःला.

शेवटी मीच नमले आणि आठवडाभराने इस्त्री तयार झाली. तुझ्या फोनवर मी पहिल्यांदा घातली ती एक पट्टी होती, बोटाने सरकवायची. डावीकडे काही नाही, उजवीकडे पूर्ण, मधे हवी तेवढी. तू मला म्हणालास, पंखा बंद कर. गाळ्यात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं, तरी मी उठून बंद केला. तू डोळा काढायला घेतलास. गणपतीचा डावा डोळा. वरची पापणी, खालची पापणी, मधे बुबुळ. पापणीची रेघ जागोजागी शहारल्यासारखी झाली होती. तू म्हणालास, आता पट्टी सरकव.

पाटी चित्र साठवत नाही. बोट कुठून कुठे गेलं ते साठवते, आणि चित्र उघडलं की तुझं बोट फिरलं तसं सगळं पुन्हा काढून दाखवते. म्हणून तोच डोळा आपल्या देखत बदलत गेला. पट्टी उजवीकडे सरकेल तसा शहारा विरत गेला. शेवटच्या टोकाला डोळा गुळगुळीत, घोटीव झाला. सुंदर होता. मला रडू यायला लागलं, कारण इस्त्री केली की तू कारखान्यात काढायचास तसा डोळा दिसेल असं मला वाटलं होतं आणि तो तसा दिसत नव्हता.

तू खूप वेळ बघितलंस. "हा कॅलेंडरवरचा डोळा आहे," म्हणालास. "जरा कमी कर. थांब, मी करतो."

तू पट्टीवर बोट ठेवलंस आणि ती इकडून तिकडे पळायला लागली. तुझं बोट थरथरत होतं आणि पट्टी त्याच्याबरोबर. तुला थोडी हवी होती, ती कधी पूर्ण होत होती, कधी शून्य. ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी केलेली पट्टी त्यालाच सरकवता येत नव्हती. तू आधी चिडलास, मग हसायला लागलास, आणि मग मी पण. आयांचे पाय कापले तेव्हासारखे हसलो आपण. मग तू म्हणालास, तीन बटणं कर, अंगठ्याएवढी मोठी. नको, थोडी, पूर्ण.

ती केली. ती चांगली झाली आहेत, हे तुला सांगायचं राहिलं.

उरलं ते एकच. नवा माणूस पाटी पहिल्यांदा उघडेल तेव्हा कुठलं बटण दाबलेलं असेल? तू म्हणालास, पूर्ण. ज्याला गरज आहे तो शोधत बसणार नाही, तो लाजेल, दोन रेघा काढून फोन ठेवून देईल आणि म्हणेल आपल्याला जमत नाही. मी म्हटलं, नको. न विचारता कुणाच्या हाताला हात लावायचा नाही, हे तूच शिकवलंस. तुझं बरोबर होतं. माझंही होतं. एरवी असं झालं की तू चहाला जायचास.

"ऑपरेशन होऊ दे," तू म्हणालास. "उजवा डोळा तेव्हाच काढतो. मग बसून ठरवू."

हॉस्पिटलातल्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. ते तुझे दिवस नव्हतेच.

काल दुपारी मी लालबागला गेले. वाटेत कारखाना लागतो. सगळ्या मूर्ती प्लॅस्टिकखाली उभ्या आहेत आणि बऱ्याचशांची आखणी झालेली दिसली. कुणीतरी दुसऱ्याने केली. चांगली केली आहे. मला ते सहन झालं नाही आणि मी भराभर चालत पुढे गेले.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसल्याबरोबर त्यांनी माझ्याच पिशवीतून तुझा फोन काढून घेतला आणि ते शेवटचं चित्र उघडलं. एक डोळा, आणि शेजारी कोरी जागा.

"ह्येचो दुसरो डोळो रवलो गो," त्या म्हणाल्या. "तू काढशीत?"

मी गडबडले. मला डोळा काढता येत नाही, मी चित्र काढणारी नव्हे, मी असलं काहीतरी पुटपुटले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. एका डोळ्याची मूर्ती कारखान्यातून बाहेर जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुझं एवढं एकच अपुरं काम त्यांना रोज दुपारी दिसत होतं.

मी वेळ काढायला म्हणून तुझा डावा डोळा दोन्ही तऱ्हांनी दाखवला. आधी शहारलेला, मग पूर्ण इस्त्री केलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, काकू, यातला सुहासचा कुठला? खरं सांगते, त्यांनी सुंदर असलेल्यावर बोट ठेवलं असतं तर मी परवा पूर्ण इस्त्री घालून मोकळी झाले असते. तुझं मागणंही तेच होतं.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. शहारलेल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो त्येचो," म्हणाल्या. "औषधाचो चमचोय असोच धरी तो."

मी तोंड फिरवून बसले. सुहास, तुझा तो थरथरणारा हात मी शत्रू धरला होता. कोडमध्ये शोधला, पट्टीने पुसला, तुझ्याशी त्यावरून भांडले. काकूंनी तो चमच्याबरोबर सांभाळून ठेवला होता. शेवटच्या महिन्यांतला तूही तूच होतास, एवढी साधी गोष्ट मला त्यांच्या बोटाकडे बघून कळली.

आणि तिथेच तुझ्यामाझ्या भांडणाचं उत्तरही मिळालं. बघ तुला पटतं का. पहिल्यांदा पाटी उघडेल त्याच्यासाठी आपण कुठलंच बटण दाबून ठेवायचं नाही. त्याला सांगायचं, एक रेघ काढा. मग तीच रेघ दोन्ही तऱ्हांनी शेजारी शेजारी दाखवायची आणि विचारायचं, यातली तुमची कुठली? जिच्यावर बोट ठेवील ती त्याची. कुणी शोधत बसायला नको, कुणी लाजायला नको, आणि न विचारता कुणाच्या हाताला हात लावायला नको. जुनी चित्रं आहेत तशी राहतील. तू यात काहीतरी खोट काढशीलच. काढ. मी खुर्ची फिरवलेली नाही.

मग डोळा. मी बटण 'नको'वर ठेवलं आणि फोन मांडीवर घेतला. काकू उठल्या, भिंतीला हात लावत दरवाजाजवळच्या बटणापाशी गेल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. तुझ्या घरात ही रीत मी पहिल्यांदाच बघितली. खोलीत इतकं शांत झालं की चाळीच्या खालच्या नळाचा आवाज येत होता. मी श्वास रोखला आणि उजव्या डोळ्याची वरची पापणी ओढायला घेतली.

माझा हात थरथरला. साधी सरळ रेघ काढणारा माझा हात, सुहास. रेघ मधेच शहारली, शेवटी जरा खाली कलली. खालची पापणी तर त्याहून वाईट. बुबुळ काढलं, ते नाकाकडे गेलं. दोन डोळे एकमेकांशी जुळत नव्हते. माझा अंगठा आपोआप कोपऱ्याकडे गेला, त्या मागे नेणाऱ्या बटणाकडे, ज्याच्यासाठी मी तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. तू ते शेवटचं बाहेर सरकवलं होतंस, त्यामुळे अंगठा पोचेना. मी फोन दुसऱ्या हातात घ्यायला गेले.

काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"रवांदे," त्या म्हणाल्या. "आता बघता तो."

मी राहू दिलं. ते बटण आहे तिथेच ठेवते आहे.